सहावं वचन

४ ऑक्टोबर

दादा,

तुझं पत्र मिळालं. छोटीचा पुढचा दात पडला हे वाचून हसू आलं. तिला म्हणावं, आत्या आली की आधी ती खिडकी बघणार, मग खाऊ देणार. इकडे सगळं बरं आहे. गेल्या महिन्यापासून मला मुलांच्या वॉर्डात टाकलंय. का, ते कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पोरं रडतात, चावतात, औषध माझ्याच अंगावर थुंकतात. पण काय दुखतं ते खरं सांगतात.

एक विचारायचं होतं. तू आपल्या संघटनेच्या मुख्यालयात नव्या सोबत्यांचे वर्ग घेतोस, म्हणून तुलाच विचारते. परवा आमच्या शाखेत कंडक्टरांनी सहावं वचन वाचून दाखवलं. (कंडक्टर म्हणजे आमचे शाखाप्रमुख. बस कधीच सुटली, नाव काही सुटलं नाही.) आमची खोली पिठाच्या गिरणीवर आहे ना, खाली गिरणी चालू असली की बाकंसुद्धा थरथरतात. त्या दिवशी त्यांनी खास निरोप पाठवून गिरणी बंद करायला लावली. मग वाचलं: “आबा आहेत. देहाने आहेत. ते परत येतील असं मी मानतो.” पुढच्या महिन्यात प्रत्येकाने एकेकट्याने उभं राहून हे म्हणायचंय. जो म्हणणार नाही तो सोबती नाही.

दादा, संघटना काढताना आबांनी दिलेली आपली पाच वचनं मला झोपेतून उठवून विचारली तरी येतील. शेजारी उपाशी असताना जेवायचं नाही. कुणाचं कूळ विचारायचं नाही. साहेबापुढे वाकायचं नाही. हातची कला लपवायची नाही. गेलेल्या माणसाला एकटं जाऊ द्यायचं नाही. या सगळ्या करायच्या गोष्टी आहेत. ‘माना’ असं आबा कधी म्हणाले नाहीत. कुणी देवाला हात जोडून यायचं, कुणी देवाला शिव्या देत यायचं, ते दोघांनाही एकाच बाकावर बसवायचे. मग हे ‘मानतो’ एकदम कुठून आलं?

ते म्हणावंच लागणार का? ड्यूटी आहे म्हणून चुकवता येईल का? सहज विचारतेय.

ठकू


११ ऑक्टोबर

ठकूबाई,

‘सहज विचारतेय’ असं तू शाळेतसुद्धा म्हणायचीस, आणि मागोमाग शाईची फुटलेली दौत बाहेर यायची. या वेळी काय फुटलंय ते मी ओळखलं. चार माणसांत उभं राहायचं म्हटलं की तुझ्या घशाला कोरड पडते. इंजेक्शन टोचताना मात्र हात कापत नाही! अगं, तीन ओळी आहेत. आरशासमोर दहा वेळा म्हण, सुटशील.

आता तुझ्या शंकेचं बघू. शब्दाला इतकं धरून बसायचं नसतं. आबा आजारातून उठून विश्रांतीला गेले असं अध्यक्षांनी जाहीर केलं, त्याला आता दोन महिने होऊन गेले. ते दिसत नाहीत, त्यांचा आवाज नाही. शाखा ओस पडायला लागल्या होत्या. लोकांना धरायला काहीतरी लागतं. माझ्या वर्गात एका गवंड्याने हेच विचारलं, “सर, देहाने म्हणजे कसं?” मी म्हटलं, “बाबा रे, विचाराने आहेत असं समज.” गडी खूश झाला. हल्ली येत नाही तो, गेला असेल कुठे कामावर.

आणि एक आठव. बाबा साथीत गेले तेव्हा आपल्या गल्लीतलं एक दार उघडलं नाही. आई तुला पोटाशी धरून बसली होती आणि मी बाबांकडे बघत उभा होतो, कुणाला हाक मारायची तेही कळत नव्हतं. तेव्हा आबा आले. नाकाला फडकंसुद्धा न लावता आत आले आणि म्हणाले, “पोरा, तू पायाकडून धर.” त्या माणसासाठी तीन ओळी म्हणायला आपलं काय जातं?

वहिनी म्हणते, थंडीची शाल विणायला घेतलीय, रंग कळव. छोटीने दात जपून ठेवलाय.

दादा


२५ ऑक्टोबर

दादा,

हे पत्र टपालाने पाठवत नाही. तुझ्या मागच्या पाकिटाची कड परत चिकटवलेली होती. आमच्या वॉर्डातल्या मावशींचा नवरा दुधाची गाडी घेऊन तुमच्याकडे येतो, त्याच्या हाती देतेय. वाचून झालं की ठेवू नकोस.

आधी शाखेतलं सांगते. नमुन्यादाखल शिवणवालीला उभं केलं. तीच ती, जिने संपाच्या वेळी अख्ख्या वस्तीचे कपडे फुकट शिवले होते. तिने हसत हसत म्हटलं, “आबा आहेतच की, आपल्या विचारात.” कंडक्टर म्हणाले, “विचारात नव्हे. श्वासाने.” तिला वाटलं गंमत करतायत. ती म्हणाली, “अहो, माणूस म्हातारा, त्यात आजारी...” तिथेच थांबवली तिला. कुणी ओरडलं नाही, हात उचलला नाही. फक्त तिच्या बाकावरचे सगळे उठून दुसरीकडे बसले. आता तिच्या दुकानासमोरून जाताना लोक रस्ता ओलांडतात. काल तिची लेक नळावर आली तर बायकांनी आपापल्या बादल्या उचलल्या. मीही उचलली, दादा. माझी तर अजून भरलीही नव्हती.

आता दुसरं. तू ओळखलंस म्हणालास, पण नाही ओळखलंस.

आबांना ज्या खोलीत ठेवलं होतं तिथे माझी ड्यूटी होती. ऑगस्टमधली दुपार होती. मोठे डॉक्टर, तिथल्या मावशी आणि मी, तिघंच होतो. मी त्यांचे ओठ ओले करत होते आणि ते गेले. श्वास घेतला आणि सोडला नाही, इतकंच. डॉक्टरांनी नाडी बघितली, छातीला नळी लावली आणि माझ्याकडे बघून मान हलवली. डोळे मी मिटले. सलाईनची सुई मी काढली. हनुवटीखालून बँडेज मी बांधलं. अंग पुसताना मला रडू आलं नाही, कारण मला वाटत होतं की आता दारं उघडतील, हजारो माणसं येतील, तेव्हा रडू.

आली ती दोन माणसं. कपडे धुवायच्या खोलीच्या मागच्या दाराने आबांना नेलं, मळक्या चादरींच्या गाडीवरून. मी म्हटलं, “मी सोबत येते.” एक जण म्हणाला, “सिस्टर, तुम्ही काही पाहिलं नाहीत.” ज्या माणसाने आपल्याला पाचवं वचन दिलं तो एकटा गेला. संध्याकाळी रेडिओवर सांगितलं की आबा बरे होऊन विश्रांतीला गेले.

मोठ्या डॉक्टरांची त्याच आठवड्यात बदली झाली. कुठे, ते त्यांच्या बायकोलाही माहीत नाही. तिथल्या त्या मावशी आता म्हणतात, “मी त्या दिवशी नव्हतेच गं.” माझ्या डोळ्यांत बघून म्हणतात. उरले मी. जिन्यात पावलं वाजली की मी दिवा मालवते. पोरांचा ताप बघायला गेले की माझ्या गार हाताने ती दचकतात.

तू सांग, मी काय करू? मी सोबती आहे. आबांनी सांगितलेलं सगळं मी करते, आणि त्यांनी न सांगितलेली एक गोष्ट मला मानता येत नाही. मग मी आत की बाहेर?

ठकू


२८ ऑक्टोबर

ठकू,

पत्र जाळलं. राखही मोरीत सोडली. हेही जाळ.

तू ते वाक्य म्हण. मी तुझ्या पाया पडतो, म्हण. धाकट्या बहिणीच्या पाया पडायची वेळ आली यावरून काय ते समज. अर्थ काढू नकोस, वचनं मोजू नकोस. म्हण आणि घरी ये.

माझ्या वर्गातला तो गवंडी कामाला गेलेला नाही. त्याची आई दाराशी येऊन बसते. मी मागच्या जिन्याने उतरतो.

आणि मागच्या आठवड्यात अध्यक्षांच्या माणसाने मला चहाला बोलावलं. इकडचं तिकडचं बोलून म्हणाला, “तुमची बहीण त्याच हॉस्पिटलात ना?” मी म्हटलं, “हो, पण ती मुलांच्या वॉर्डात असते.” “आधीपासून?” “आधीपासून.” माझ्या तोंडून निघून गेलं. तेव्हा मला काहीच ठाऊक नव्हतं, तरी निघून गेलं. म्हणजे माझ्या जिवाला आधीच काहीतरी कळलं होतं.

एक गोष्ट वहिनीलाही सांगितली नाही, तुला सांगतो. तुला मी ‘विचाराने’ असं लिहिलं, पण मनात तेवढंच नव्हतं. वर्गात रोज ते वाक्य म्हणवून घेता घेता मला खरंच वाटायला लागलं होतं की आबा आहेत. कुठल्यातरी गावी, व्हरांड्यात, पायावर पाय टाकून बसलेत. सकाळी दाढी करताना मी त्यांच्याशी बोलायचो. तुझं पत्र वाचलं आणि मी त्यांना पायाकडून धरलं. इतका रडलो की छोटी घाबरली.

म्हण, ठकू. मला एकच बहीण आहे.

दादा


८ नोव्हेंबर

दादा,

झालं. काल म्हटलं मी.

पण ते तीन ओळींवर सुटलं नाही. माझं नाव पुकारलं तेव्हा गिरणी बंदच होती, तरी पायाखालची जमीन थरथरतेय असं वाटत होतं. मी वाक्य म्हटलं. बसायला वळले, तर कंडक्टर म्हणाले, “थांब. तू तर तिथेच होतीस.”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

“तुझे दादा तिकडे सांगतात की तू आधीपासून मुलांच्या वॉर्डात आहेस. हजेरी वेगळं सांगते. दादांनी लपवलं की तू?”

हे सगळं ते अगदी मायेने विचारत होते, दादा. मला वहिनी दिसल्या, विणायच्या सुया दिसल्या, छोटी दिसली. मी म्हटलं, “दादाला ठाऊक नव्हतं. कुणाला सांगू नकोस असं मला आबांनीच सांगितलं होतं.”

कंडक्टरांचाही चेहरा बदलला. त्यांना माझी मान हवी होती आणि मी त्यांना भलतंच काही दिलं होतं. ते हळूच म्हणाले, “आबांनी? मग सांग सगळ्यांना. काय पाहिलंस?”

आणि मी सांगितलं. आबांनी डोळे उघडले. पाणी मागितलं. मी भांडं तोंडाला लावलं, ते दोन घोट प्यायले आणि तिसरा नको म्हणाले. मग उठून बसले. सदरा मागितला. बटणं लावताना त्यांची बोटं थरथरत होती, म्हणून वरचं बटण मी लावलं. हे कुणी विचारलं नव्हतं! माझं मलाच सुचत होतं, एकापुढे एक. मग ते माझ्या खांद्याला धरून दारापर्यंत चालत गेले, असंही म्हटलं.

बाया रडायला लागल्या. पुरुषही. एका म्हातारीने माझा उजवा हात घेतला आणि आपल्या डोळ्यांवर ठेवला. याच हाताने मी ते बँडेज बांधलं होतं. पायऱ्या उतरताना लोक माझ्या बाहीला शिवत होते. नळावर मला रांगेत पुढे केलं.

आज मुख्यालयातून निरोप आलाय, मोठ्या सभेत हेच सांगायला या. गाडी पाठवतायत.

तू सुरक्षित आहेस ना आता? एवढं एकच कळव. बाकी काही विचारू नकोस.

ठकू


८ नोव्हेंबर

ठकू,

तुझं पत्र यायच्या आत हे लिहितोय. राहवत नाही म्हणून.

मागच्या पत्रात मी तुला जे लिहिलं ते विसर. आज वर्गात नवी मंडळी बसली होती, पुढच्या बाकावर जेमतेम मिसरूड फुटलेला एक न्हावी होता. त्याने विचारलं, “सर, देहाने म्हणजे कसं?” तेच शब्द. त्या गवंड्याचेच शब्द. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, “आबा गेले. मला पक्कं ठाऊक आहे. मी हे वाक्य शिकवणार नाही.”

तुझं नाव घेतलं नाही, घाबरू नकोस. मी मात्र इतका घाबरलो होतो की खडू हातातच मोडला. एकेक जण उठून गेला. तो न्हावीही गेला, दारातून वळून बघत.

संध्याकाळपर्यंत क्वार्टर सोडायला सांगितलं. वहिनी आणि छोटी वहिनीच्या माहेरी गेल्या. जाताना वहिनीने अर्धी विणलेली शाल पिशवीत भरली. मी सामानावर बसून हे लिहितोय, दूधवाला मागच्या जिन्याने घेऊन जाईल. खाली दोन माणसं उभी आहेत. पाचावर धारण बसलीय, पण सांगू? कितीतरी दिवसांत मी आज पहिल्यांदा नीट जेवलो.

आणि मला आतून खात्री आहे, तूही ते वाक्य म्हटलं नसशील. मी कितीही पाया पडलो तरी. तू माझ्यापेक्षा घट्ट आहेस, लहानपणापासून.

दादा


३० नोव्हेंबर

ठकू,

हे वहिनीच्या हाती पाठवतोय. सभेनंतर तुला ज्या विश्रांतिगृहात ठेवलंय तिथे रविवारी फक्त बायकांना भेटायला येऊ देतात असं कळलं. वहिनीने जाऊन यायचं कबूल केलं, माझ्याशी मात्र ती फारसं बोलत नाही.

सभेत तुला काय काय दिसलं मला ठाऊक नाही, म्हणून माझ्या बाजूने सांगतो. मला पहिल्या रांगेत बसवलं होतं, दोन्हीकडे दोन माणसं. तुला स्टेजवर आणलं तेव्हा लोक उभे राहिले. तुझी कीर्ती तुझ्याआधी पोचली होती. ‘पाणी पाजणारी’ म्हणतात तुला. मला तिथेच पहिल्यांदा कळलं की तू शाखेत काय सांगितलं होतंस. तुझं पत्र माझ्यापर्यंत आलंच नव्हतं. अध्यक्ष माइकवर म्हणाले, “हिचा भाऊ म्हणतो आबा गेले. ही म्हणते आहेत. दोघांतलं एक खोटं आहे. हिच्या तोंडूनच ऐका.”

तू माझ्याकडे बघितलंस. माझं पत्र तुला पोचलंय हे मला त्या नजरेवरून कळलं. आणि तू सांगितलंस. डोळे, सुई, बँडेज, मळक्या चादरींची गाडी. ड्यूटी बदलताना पुढच्या सिस्टरला सांगावं तसं, आवाज न चढवता.

मला वाटलं आता दगड येतील. काहीच आलं नाही. मग अध्यक्षांनी तुझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “बघा. दुःखाने पोरीचं मन फिरलंय.” आणि खाली उतरून माइक माझ्या तोंडाशी धरला. “तुम्ही भाऊ आहात. तुम्हीच सांगा. ही आजारी आहे ना?”

माझ्या डावीकडचा माणूस हळूच म्हणाला, “आजारी असेल तर उपचार होतील. नसेल तर...” मला त्या गवंड्याची आई दिसली, दाराशी बसलेली.

मी म्हटलं, “हो. आजारी आहे.”

“आणि तुम्ही जे वर्गात बोललात ते हिच्याकडूनच ऐकून ना?” मी मान हलवली.

अध्यक्षांनी मला मिठी मारली, ठकू. टाळ्या झाल्या. क्वार्टर परत मिळालं. सोमवारपासून वर्ग चालू आहेत, सहावं वचन मीच शिकवतो. तो न्हावीही असतो पुढच्या बाकावर. प्रश्न विचारत नाही.

तू जिवंत आहेस. मी एवढंच बघितलं. तुला राग आला असेल तर दोन ओळी रागाच्या लिही, पण लिही.

दादा


२१ डिसेंबर

दादा,

राग नाही. पहिल्या दिवशी होता, मग इथल्या गोळ्यांनी गेला की आपोआप गेला, सांगता येत नाही.

तू मला वाचवलंस. ते मला पटतंय, उगीच समजूत काढायला लिहीत नाही. मी तुझ्या जागी असते तर तेच म्हटलं असतं. तुझ्यासाठी मी तर त्याहून मोठं खोटं बोलले होते. फक्त एक झालं. आता मी काहीही सांगितलं तरी ते आजारी बाईचं बोलणं. इथली झाडूवालीसुद्धा माझं ऐकून घेते आणि “हो गं बाई, हो” म्हणते.

जागा वाईट नाही. खोलीत सहा खाटा आहेत, पडदे धुतलेले, खिडकीला जाळी. कुणी अंगाला हात लावत नाही. रोज सकाळी एक डॉक्टरीणबाई येते, वयाने माझ्याएवढीच, बोलायला गोड. नाडी बघते, झोप लागली का विचारते आणि जाता जाता विचारते, “आबा कसे आहेत?” ‘बरे आहेत’ असं उत्तर सलग काही दिवस दिलं, आणि तिला ते मनापासून वाटलं, की घरी सोडतात. समोरच्या खाटेवरची बाई असंच उत्तर देऊन गेली. जाताना आनंदात होती. मी तिच्या डोळ्यांत बघितलं, ती नाटक करत नव्हती.

मी रोज सांगते, “गेले.” ती हसते, पांघरूण नीट करते आणि पुढच्या खाटेकडे जाते. अजून एकदाही रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

दिवसा मी मनातल्या मनात त्या दुपारची पहिल्यापासून उजळणी करते, पोरं पाढे म्हणतात तशी. ओठ ओले केले. श्वास घेतला, सोडला नाही. डोळे मिटले. सुई काढली. बँडेज बांधलं. परवा सुईपर्यंत आले आणि पुढे बँडेज येईना. त्या जागी भांडं आलं. आबा दोन घोट प्यायले, तिसऱ्याला त्यांनी हाताने भांडं बाजूला सारलं. मला त्यांच्या बोटांचा स्पर्श जाणवला, दादा. उबदार होता. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा भांडंच. खूप वेळाने बँडेज सापडलं, पण ते बांधताना मला माझे हात दिसत नव्हते.

काल सकाळी डॉक्टरीणबाईने विचारलं तेव्हा उत्तर द्यायला मला किंचित वेळ लागला. तिने ते टिपलं. गोड हसली आणि म्हणाली, “छान. सुधारणा आहे.”

वहिनी समोर बसल्यात, त्यांची वेळ संपत आलीय. छोटीला माझा पापा दे.

दादा, मला भीती वाटते की एक दिवस मी बरी होईन.

ठकू